उकिरड्यातील ज्योत

‘उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते’ असे आपल्याकडे म्हणतात. उकिरड्यात जन्म घेणाऱ्या मिथेन वायूची दैना फिटण्यास मात्र त्याहून पुष्कळ अधिक काळ जावा लागला. पाणथळ जागी रात्री अचानक भडकणाऱ्या ज्वाळेला आपल्या लोकांनी आग्यावेताळ म्हटले आणि तिच्यापासून दूर राहणे पसंत केले. घाणीतून निघणारी वस्तू उपयोगाची असू शकेल, हा विचार मनुष्यजातीला सहजासहजी सुचलेला नाही. जेव्हा सुचला तेव्हाही तो मनाला सहजासहजी पटला नाही. प्रस्तुत लेखात आम्ही मुख्यतः या दुसऱ्या अडचणीचा इतिहास सांगणार आहोत, कारण तो बराचसा आपल्या महाराष्ट्रात घडलेला आहे.

आधी वायूची ओळख करून घेऊ. कार्बन आणि हायड्रोजन या दोनच मूलद्रव्यांपासून बनलेल्या पदार्थांना हायड्रोकार्बन म्हणतात. त्यांत सर्वांत साधा तो मिथेन. कार्बनचा एक अणू आणि हायड्रोजनचे चार, एवढाच त्याचा प्रपंच. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो हवेपेक्षा हलका असतो. जेथे हवा पोहोचत नाही अशा चिखलात, भाताच्या खाचरात, गुरांच्या पोटात आणि मैल्याच्या टाकीत सूक्ष्म जंतू कुजणाऱ्या पदार्थापासून तो तयार करीत असतात.

शास्त्राच्या दरबारात त्याला प्रथम उभे केले ते इटलीच्या अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी. कार्लो ज्युसेप्पे कांपी नावाच्या एका धर्मगुरूने पेट घेणाऱ्या नैसर्गिक हवेकडे त्यांचे लक्ष वेधले होते. नोव्हेंबर १७७६ मध्ये व्होल्टा मॅजोरे सरोवराच्या काठी आंजेरा येथे गेले, काठीने गाळ ढवळला आणि वर येणारे बुडबुडे पालथ्या बाटलीत धरले. त्या हवेला ज्योत दाखविताच ती निळसर जळू लागली. या शोधाची हकिकत त्यांनी फादर कांपी यांनाच पत्रांतून कळविली व ती पत्रे पुढल्या वर्षी छापली गेली. विजेच्या बॅटरीचा शोध लावणारे ते हेच व्होल्टा. ते श्रद्धावंत कॅथोलिक होते आणि १८१५ साली त्यांनी आपली श्रद्धा लेखी प्रकट केली होती. शास्त्र शिकले की माणूस चर्चला पाठमोरा होतो, असे मानणाऱ्या मंडळींसाठी हे सहज नमूद केले. त्याच १८१५ साली इंग्लंडमध्ये हंफ्री डेव्ही यांनी कोळशाच्या खाणीतील मजुरांसाठी जाळीचा दिवा तयार केला, कारण खाणीत साठलेल्या याच वायूचा भडका उडून माणसे मरत होती.

मुंबईत रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले ते १८६५ साली. तो गॅस दगडी कोळसा बंद भट्टीत तापवून काढीत असत. अशा गॅसमध्ये साधारणतः निम्मा हायड्रोजन आणि तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास मिथेन असतो. हे दिवे अर्थातच प्रथम प्रतिष्ठित रस्त्यांवर लागले. पण आम्हांला सांगायची आहे ती दुसऱ्याच दिव्याची गोष्ट.

मोलोकाई बेटावर कुष्ठरुग्णांची सेवा करता करता फादर डेमियन १५ एप्रिल १८८९ रोजी त्याच रोगाने निवर्तले. (११ ऑक्टोबर २००९ रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी त्यांना संतपद दिले.) त्यांच्या मृत्यूने साऱ्या ब्रिटिश साम्राज्यात या रोगाची चर्चा सुरू झाली. लंडनमध्ये निधी उभारला गेला आणि हिंदुस्थानात चौकशीसाठी आयोग आला. त्याच सुमारास, १८९० साली, मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी ॲक्वर्थ यांनी माटुंगा येथे निराश्रित महारोग्यांसाठी आश्रम उघडला. हा केवळ दयेचा व्यवहार नव्हता. भीक मागणारे रोगी शहराच्या रस्त्यांवरून हटवावेत, हाही हेतू होता. तरी ॲक्वर्थ हा मनुष्य साधा अंमलदार नव्हता. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह त्यांनी मराठी पोवाडे जमवून १८९१ साली प्रसिद्ध केले. आपल्या कोल्हापूरच्या शाहिरी परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी हे नाव विसरू नये.

आश्रमात शेकडो माणसे कायमची राहणार, म्हणजे मैल्याचा प्रश्न आलाच. त्या वस्तीचा मैला उचलण्यास कोण तयार होणार? म्हणून आश्रमाचे मैलापाणी बंद टाक्यांत कुजवून शेतीला देण्याचे प्रयोग तेथे झाले. त्यांची हकिकत मुंबईच्या ड्रेनेज खात्याचे अभियंता सी. कार्कीट जेम्स यांनी लिहून ठेवली आहे. १८९७ च्या सुमारास या टाक्यांतून निघणारा वायू वाया न घालविता गोळा करण्यात आला. त्यावर दिवे लागले आणि पुढे इंजिनही चालले. इंग्लंडमध्ये एक्झेटर शहरी १८९५ च्या सुमारास असेच काही दिवे लागले होते, पण त्यानंतर फार काळ न लोटता हे माटुंग्यात घडले. काही ग्रंथांतून मुंबईच्या कुष्ठाश्रमातील पहिल्या वायुसंयंत्राचे साल १८५९ असे छापले जाते व एकाचे पाहून दुसरा तेच लिहितो. माटुंग्याचा आश्रमच १८९० साली उघडला असल्याने ते साल त्यास लागू पडत नाही.

ज्यांच्या हातचे पाणी कोणी घेत नव्हते, ज्यांना घरच्यांनी दाराबाहेर काढले होते, त्यांच्या मैल्यातून निघालेल्या वायूवर या देशातील असा एक आरंभीचा दिवा लागला. मुंबईने तो पाहिला आणि ती विसरूनही गेली. पुढे सुमारे चाळीस वर्षे या दिशेने आपल्याकडे फारसे काही घडले नाही.

पुन्हा सुरुवात झाली ती शेणापासून. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत १९३९ साली एस. व्ही. देसाई यांनी शेणाच्या वायूचे प्रयोग केले. त्यानंतर जशभाई पटेल यांनी विहिरीसारख्या टाकीवर लोखंडी पिंप तरंगत ठेवून ‘ग्रामलक्ष्मी’ नावाचे संयंत्र तयार केले. वायू साठला की पिंप वर चढते, चूल पेटली की खाली बसते. खादी व ग्रामोद्योग आयोगाने साठच्या दशकाच्या आरंभी ते उचलून धरले आणि ‘गोबर गॅस’ हा शब्द खेडोपाडी रुळला. गाय पवित्र, म्हणून शेण पवित्र, म्हणून त्याचा गॅसही स्वयंपाकघरात चालला. ज्या वायूला माटुंग्यात कोणी ओळख दिली नाही, तो शेणातून आला तेव्हा त्याचे स्वागत झाले! वायू तोच, कार्बनचा एक अणू आणि हायड्रोजनचे चार.

लोखंडी पिंप गंजते आणि महागही पडते. म्हणून जमिनीखाली विटांचा घुमट बांधण्याची पद्धत पुढे आली. तिच्यातील अत्यंत लोकप्रिय ‘दीनबंधू’ हा नमुना १९८४ साली ‘अफ्रो’ या संस्थेने तयार केला. ही संस्था १९६६ साली ख्रिस्ती मंडळींच्या पुढाकाराने उभी राहिली होती आणि तिच्या स्थापनेत कॅथोलिक व प्रॉटेस्टंट दोघांचा हात होता. आपल्या लोकांनी केलेल्या अशा कामाची दखल आपल्याच नियतकालिकांतून क्वचित घेतली जाते, म्हणून ती येथे घेत आहोत.

कोल्हापूर जिल्हा दुधाचा. गोकुळ आणि वारणा ही नावे घरोघर पोहोचली आहेत. ज्या घरी चार-पाच जनावरे आहेत तेथे रोज सुमारे पन्नास किलो शेण मिळते. किलोभर शेणापासून चाळीस लिटरच्या आसपास वायू निघतो, म्हणजे दिवसाला दोन घनमीटर. पाच-सहा माणसांच्या भाकरी-कालवणाला तो पुरतो. मागे उरलेली मळी शेताला खत म्हणून मिळते. शेणी थापून चुलीत घालणाऱ्या स्त्रीच्या डोळ्यांतील धूर ज्याने पाहिला आहे, त्यास या हिशेबाचे मोल निराळे सांगावयास नको. आजरा, गडहिंग्लज, चंदगड भागातील आपल्या कुटुंबांनाही हा हिशेब तंतोतंत लागू पडतो.

परंतु त्याच टाकीला घरचे शौचालय जोडा म्हटले की चर्चा संपते. ‘शेणाचा चालतो, तो नको.’ शौचालय जोडणाऱ्यास सरकारी योजनेत जादा अनुदान ठेवले गेले, तरी पुष्कळांचे मन वळले नाही. ही अढी आपल्या ख्रिस्ती घरांतही आहे. बाप्तिस्म्याच्या पाण्याने ती धुतली गेली असावी असा कोणाचा समज असेल तर आमचा अनुभव तसा नाही. ज्योतीतून रोगजंतू येत नाहीत. मळी मात्र हाताळताना काळजी घ्यावी लागते, कारण टाकीत सारेच जंतू मरतात असे नाही. खरा अडसर जंतूंचा नसून विटाळाचा आहे.

या विटाळाशी आयुष्यभर झुंजलेला एक मनुष्य कोल्हापूरहून फोंडा घाट उतरून गेले की भेटत असे. सीताराम पुरुषोत्तम उर्फ अप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१) यांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात स्वतः मैला साफ करण्याचे काम मागितले. ब्राह्मण कैद्याला ते काम देता येणार नाही, असे उत्तर मिळाले, तेव्हा त्यांनी उपवास आरंभिला. येरवड्यात असलेल्या गांधीजींनीही त्यांच्या पाठिंब्यासाठी डिसेंबरात अन्न वर्ज्य केले. पुढे कणकवलीजवळ गोपुरी आश्रमात अप्पासाहेबांनी साध्या संडासाचे आणि मैल्यापासून सोनखताचे प्रयोग केले. देहू येथे वैद्यकीय अधिकारी म्हणून आलेले डॉ. सुहास मापुसकर यांनी हाच धागा पुढे नेऊन शौचालयावर चालणारे वायुसंयंत्र सिद्ध केले आणि त्यास नाव दिले ‘मलप्रभा’. एवढ्या स्पष्ट शब्दांत सत्य सांगणारे नाव आमच्या ऐकण्यात दुसरे नाही. त्यांना २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली.

मिथेनच्या भाऊबंदांविषयी थोडक्यात. शिवाजी उद्यमनगरात वेल्डिंगच्या ज्योतीत जळतो तो ॲसिटिलीन. कार्बाईडवर पाणी पडले की तो निघतो. नोटर डेम विद्यापीठातील फादर ज्युलियस न्यूलंड यांनी १९०४ साली त्यावर प्रबंध लिहिला. पुढे त्यांच्याच संशोधनातून निओप्रीन हे कृत्रिम रबर १९३१ साली जगासमोर आले. प्रबंधाच्या वेळी ॲसिटिलीनपासून एक विषारी पदार्थ तयार झाला तेव्हा त्यांनी ते काम सोडून दिले. १९१८ साली इतरांनी त्याच प्रबंधातून लेविसाइट हा युद्धवायू घडविला. आंबे-केळी पिकविण्यासाठी व्यापारी कार्बाईड वापरतात तेही ॲसिटिलीनसाठीच, पण त्यात आर्सेनिकचे अंश असतात आणि कायद्याने त्यास बंदी आहे. त्याऐवजी एथिलीन वायूचा ठरावीक प्रमाणात उपयोग करण्यास परवानगी आहे. फळे पिकताना एथिलीन स्वतःच सोडतात.

आता मिथेनच्या दुसऱ्या बाजूकडे. हवेत सुटलेला मिथेन वीस वर्षांच्या अवधीत कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशी पट उष्णता अडवून धरतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात उष्णता अडवणाऱ्या वायूंत त्याचे नाव घेतले ते यामुळेच. परंतु त्याहूनही जवळचा धोका आपल्या अंगणात आहे. मैल्याच्या बंद टाकीत मिथेन साठला की प्राणवायूला जागा उरत नाही, आणि त्याच्या जोडीला असलेला हायड्रोजन सल्फाइड काही श्वासांतच माणसाला पाडतो. एक उतरतो, तो पडतो. त्याला काढण्यास दुसरा उतरतो, तोही पडतो. अशी कामे करून घेण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. मृताच्या कुटुंबास दहा लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले व २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. उतरणारा कोणत्या वस्तीतून येतो, हे आपल्याला ठाऊक असते.

चर्चच्या, शाळेच्या आणि वसतिगृहाच्या आवारात अशा टाक्या आहेत. झाकण उघडून वारा लागू दिला, काडी ओढली नाही, एवढ्याने टाकी निर्धोक होत नाही. उपसा यंत्राने वरूनच करावयाचा असतो. यंत्राची गाडी बोळात शिरत नाही, हे कारण आम्ही पुष्कळदा ऐकले आहे. लांब नळी मिळते.