इस्लाममधील सामाजिक न्याय : ग्रंथातला हक्क आणि हातातला हक्क



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा इथल्याच, धंतोलीतल्या एका जुन्या स्नेह्यांचा फोन आला. म्हणाले, "सर, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आता या वयात या वादात कशाला पडता?" मी म्हटलं, वादात पडत नाही, एक हिशेब तपासायचा आहे. तोच आज तुमच्यापुढे मांडतो.

प्रश्न साधा आहे. धर्मग्रंथानं एखादा हक्क दिला, म्हणजे तो माणसाला मिळाला का?

सातव्या शतकातला अरबस्तान डोळ्यांसमोर आणा. टोळ्यांचा समाज, स्त्रीला वारसा जवळजवळ नाहीच. अशा ठिकाणी कुराणाच्या चौथ्या अध्यायानं, सूरह निसानं, मुलीचा हिस्सा ठरवून दिला. तो भावाच्या निम्मा आहे, हे मी लपवणार नाही. पण तो हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नव्हे. शिल्लक संपत्तीचा चाळिसावा भाग जकात म्हणून गरिबाचा ठरला. पूर्वी गुलाम असलेल्या बिलाल यांना अजान देण्याचा मान मिळाला. गुलामगिरी मात्र रद्द झाली नाही. गुलाम मुक्त करणं हे पुण्य ठरलं, एवढंच. दोन्ही बाजू वहीत लिहिल्या पाहिजेत.

आता थेट मुंबईत येऊ. साल 1847. खोजा आणि मेमन कुटुंबांतल्या मुलींनी वडिलांच्या मालमत्तेत वाटा मागितला. आधार कुराणाचा. मुंबईच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांच्यापुढे खटला चालला. समाजातले पुरुष म्हणाले, आमच्यात तशी रूढी नाही. वारशाच्या बाबतीत आम्ही हिंदूंसारखेच वागतो. कोर्टानं रूढी मान्य केली. मुली हरल्या. बघा, ग्रंथ मुलींच्या बाजूचा, जमातीतले पुरुष त्याच ग्रंथाला मानणारे, आणि वाटा मात्र मिळाला नाही.

त्यानंतर नव्वद वर्षं गेली. 1937 साली शरियत कायदा आला. आज या कायद्याकडे आपण एकाच नजरेनं पाहतो. पण त्या वेळी मुस्लिम स्त्रियांच्या संघटनांनी त्याला पाठिंबा दिला होता, कारण रूढीनं हिरावलेला वारसा त्यातून परत मिळणार होता. आणि तरीही त्यातून एक गोष्ट वगळली गेली. कोणती? शेतजमीन! कायदेशीर कारण असं की शेतजमीन हा प्रांतांच्या अखत्यारीतला विषय होता. परिणाम मात्र असा, की खेड्यात ज्याला खरी संपत्ती म्हणतात तिलाच या कायद्याचं संरक्षण मिळालं नाही.

दोन वर्षांनी, 1939 मध्ये, मुस्लिम स्त्रीला कोर्टातून विवाह मोडण्याचा अधिकार मिळाला. नवरा चार वर्षं बेपत्ता असेल, दोन वर्षं पोटगी देत नसेल, तर तिला सुटका मागता येऊ लागली. हनफी परंपरेत ही सोय फार अवघड होती, म्हणून उलेमांनी मालिकी परंपरेतला मार्ग उसना घेतला. म्हणजे आतून सुधारणा होतच नाही, हे म्हणणं खरं नाही.

मग आपल्या हमीद दलवाईंकडे येऊ. चिपळूणजवळच्या मिरजोळीचा हा मराठी लेखक. 18 एप्रिल 1966 रोजी त्यांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. मोर्चात किती स्त्रिया होत्या? सात. मागणी होती तोंडी तलाक बंद करण्याची. 1970 साली पुण्यात त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. नावातच जोतीरावांशी नातं सांगितलं. दलवाई ग्रंथाचा आधार घेत नव्हते. त्यांचा आधार माणूसपणाचा आणि संविधानाचा. मुंबईतच असगर अली इंजिनिअर दुसऱ्या वाटेनं चालले होते. ते म्हणत, कुराणच न्यायाच्या बाजूचं आहे, ते नीट वाचा. पुष्कळ वर्षं या दोन वाटांचे लोक एकमेकांना चुकीचे ठरवत आले. मीही वर्गात विद्यार्थ्यांना विचारायचो, बरोबर कोण? आज वाटतं, माझा प्रश्नच अपुरा होता.

का, ते सांगतो. 2002 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे दगडू पठाण खटला आला. नाव बघा, दगडू! इतकं आपल्या मातीतलं प्रकरण. पूर्णपीठानं सांगितलं, 'मी तलाक दिला' एवढं कोर्टात म्हणून भागणार नाही. कारण काय होतं, दोन्हीकडच्या मध्यस्थांनी समेटाचा प्रयत्न केला का, हे सिद्ध करा. ही मध्यस्थांची अट कुराणातलीच. आणि 22 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयानं तिहेरी तलाक तीन विरुद्ध दोन मतांनी रद्द केला. त्या तिघांपैकी दोन न्यायमूर्तींनी संविधानातल्या समतेचा आधार घेतला. तिसऱ्यांनी सांगितलं की ही प्रथा कुराणाशीच विसंगत आहे. दोन अधिक एक. यातली कुठलीही एक वाट काढून घ्या, बहुमत उरत नाही.

सामाजिक न्यायाचं दुसरं अंग जातीचं. इस्लाममध्ये जात नाही, हे तत्त्व. पण आपल्याकडे मोमीन, पिंजारी, तांबोळी, बागवान आहेतच. इथून फार लांब नाही, मोमिनपुऱ्याच्या नावातच विणकरांची जमात आहे. जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली, दिलीपकुमार तिच्या पाठीशी उभे राहिले. तत्त्वात नसलेली जात व्यवहारात आहे, हे त्यांनी आधी कबूल केलं, म्हणून पुढचं मागता आलं.

आता हिशेबातलं शेवटचं पान, माझं स्वतःचं. आमचे वडील गेले तेव्हा गावाकडं थोडी शेती होती. 1956 च्या कायद्यानं बहिणीचा वाटा होता. तलाठ्यानं सांगितलं, बहिणीचं हक्कसोडपत्र आणा. मी कागद घेऊन तिच्या घरी गेलो. तिनं चहा केला, कागद न वाचता सही केली आणि म्हणाली, "दादा, माहेर तुटू नये, बस." त्याच आठवड्यात मी वर्गात न्यायाची संकल्पना शिकवत होतो. मला त्यात काही विसंगत वाटलं नाही!

1847 मध्ये मुंबईच्या कोर्टात ते पुरुष म्हणाले होते, आमच्यात तशी रूढी नाही. मी तर तेवढंही बोललो नाही. बोलावं लागलंच नाही.

म्हणून माझ्या स्नेह्यांना माझं उत्तर असं: इस्लाममध्ये हक्क आहेत का, हे जरूर विचारा. त्याबरोबर हेही विचारा, की ते कुणी अडवले आणि कोण उठून मागायला निघालं. आणि घरी गेल्यावर आपला सातबाराही एकदा काढून बघा, त्यावर बहिणीचं नाव आहे का. मी या वर्षी माझा काढला. बहिणीशी बोलणं सुरू केलं आहे. ती आधी हसली, मग बराच वेळ गप्प बसली.

आता तुमचे प्रश्न घेऊ.