बँडमास्तर, मेश्त्र आणि पेटीमास्तर



स्वतंत्र हिंदुस्थानचें राष्ट्रगीत कोणतें असावें, हा वाद १९४८ सालीं ऐन रंगांत आला होता. त्या वादांत कवींना मत होतें, गवयांना मत होतें, पुढाऱ्यांना तर होतेंच. परंतु ज्याचा शब्द कोणासच डावलतां येईना, असा आणखी एक इसम त्यांत होता. तो म्हणजे बँडमास्तर. राष्ट्रगीत हें लष्करी संचलनांत आणि परराष्ट्रांच्या दरबारीं वाजवावयाचें असतें. तेव्हां पन्नास वादकांना तें एका वेळीं, एका सुरांत व एका लयींत वाजवितां आलें पाहिजे. १९४७ सालीं न्यूयॉर्क येथें संयुक्त राष्ट्रसंघाच्या सभेच्या प्रसंगीं आपल्या प्रतिनिधींकडे राष्ट्रगीत मागितलें गेलें, तेव्हां ‘जनगणमन’ची ध्वनिमुद्रिका तेथील वाद्यवृंदास देण्यांत आली आणि त्यांनीं तें बसवून वाजविलें, ही हकीकत पंडित नेहरूंनीं स्वतः घटनासमितींत सांगितली. ‘वंदे मातरम्’ बँडवर नीट बसत नाहीं, असा आक्षेप होता. तो खोडून काढण्यासाठीं आपले मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर यांनीं त्या गीतास बँडवर वाजण्यासारखी चाल बांधली, ती स्वरलिपींत उतरवून घेतली, आणि दिल्लीपर्यंत खेपा घातल्या. शेवटीं २४ जानेवारी १९५० रोजीं ‘जनगणमन’ हें राष्ट्रगीत ठरलें व ‘वंदे मातरम्’ला त्याच्या बरोबरीचा मान मिळाला, हें सर्वांना ठाऊकच आहे. एका नाटकी गवयाला राष्ट्राच्या दारांत जाऊन ‘हें समुदायाला वाजवितां येतें’ असें सिद्ध करून दाखवावें लागलें, ही गोष्ट मात्र फारशी कोणी आठवीत नाहीं.

हा बँडमास्तर कोण, तो कोठें शिकतो, आणि शिकल्यावर त्याच्या पोटाची व मानाची व्यवस्था काय, याचा विचार आपल्या संगीताच्या इतिहासांत क्वचितच झाला आहे. आपला इतिहास एकट्या गाणाराचा. घराणीं, चिजा, बिदाग्या आणि आख्यायिका यांनीं तो भरलेला आहे. ज्यानें चाळीस पोरांना एका सुरांत आणलें, त्याचें नांव सहसा कोणी लिहून ठेवीत नाहीं. मी मॅट्रिक होऊन शाळामास्तर झालों आणि मास्तर म्हणूनच निवृत्त झालों. भरल्या वर्गाकडून सकाळची प्रार्थना म्हणवून घेणें म्हणजे काय कष्ट असतात, तें मला पक्कें ठाऊक आहे. तेव्हां या मंडळींविषयीं माझ्या बोलण्यांत थोडा पक्षपात डोकावल्यास श्रोत्यांनीं तो चालवून घ्यावा.

विलायतेंतही ही विद्या शिस्तींत आली ती फार उशिरां. पलटणींचे बँडमास्तर तेथें बहुधा जर्मन किंवा इटालियन असत, व ज्याची त्याची तऱ्हा निराळी असे. क्रिमियाच्या युद्धांत, १८५४ सालीं, स्कुटारी येथें राणीच्या वाढदिवसाच्या संचलनांत साऱ्या पलटणींचे बँड एकदम राजगीत वाजवूं लागले, तों प्रत्येकाची पट्टी वेगळी! हा गोंधळ ऐकून केंब्रिजच्या ड्यूकनें मनावर घेतलें, आणि १८५७ सालीं नेलर हॉल येथें लष्करी संगीताची शाळा निघाली. त्या वाड्यांत ती २०२१ पर्यंत होती. आपल्याकडे तशी संस्था निघाली ती १९५० सालीं, आणि तीही आपल्या शेजारीं, पंचमढीस. जुन्या मध्यप्रांताची ही उन्हाळी राजधानी. तेथें आज सैन्याचे वादक व बँडमास्तर तयार होतात.

परंतु मराठी माणसाचा या विद्येशीं संबंध त्याहून पुष्कळ जुना आहे. तंजावरचे सरफोजी राजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनीं आपल्या दरबारीं पाश्चात्य वाद्यांचा बँड उभारला. युरोपियन पद्धतीच्या स्वरलेखनाचे कागद सरस्वती महालाच्या संग्रहांत आजही आहेत. या दरबारीं असलेल्या चौघां भावांपैकीं वडिवेलु यानें व्हायोलिन हातीं घेतलें, आणि ज्या थोड्या लोकांच्या प्रयत्नानें तें वाद्य कर्नाटक संगीतांत कायमचें स्थिरावलें त्यांत त्याची गणना होते. राजाच्या हौसेनें बसविलेल्या बँडपासून असे लाभ होतात. मात्र हौस राजाबरोबर संपते, हा त्यांतला तोटा.

बडोद्यास सयाजीराव महाराजांनीं हा तोटा ओळखला असावा. त्यांनीं १८८६ सालीं गायनशाळा काढून ती मौलाबक्षांच्या स्वाधीन केली. मौलाबक्षांनीं स्वतःची स्वरलिपि तयार केली, क्रमिक पुस्तकें लिहिलीं, आणि अनेक मुलांना एकत्र बसवून शिकविलें. १८९६ सालीं ते वारले. पुढें या खात्याचे प्रमुख झाले ते फ्रेडलिस, मूळचे बँडचे माणूस. १९१६ सालीं पंडित भातखंड्यांच्या पुढाकारानें बडोद्यास अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेव्हां याच फ्रेडलिससाहेबांनीं देशी वाद्यांचा वृंद बसविला होता. गवयांना ते परके वाटत, आणि कांहीं अंशीं ते योग्यही होतें. श्रुतींचा बारकावा बँडच्या पट्टींत कोठून येणार? पण दरमहा ठराविक पगार, वर्ग, हजेरी व परीक्षा हा संगीतशिक्षकाच्या पेशाचा सांगाडा तेथें तयार झाला, हें नाकारतां येत नाहीं.

त्या सांगाड्यांत प्राण ओतला विष्णु दिगंबरांनीं. कुरुंदवाडच्या या ब्राह्मणानें ५ मे १९०१ रोजीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय उघडलें. त्यांची उपदेशक तयार करण्याची योजना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मुलांना घरीं ठेवून, खाऊं घालून, वर्षानुवर्षें शिकवावयाचें, आणि मग त्यांनीं गांवोगांव जाऊन शिकवावयाचें. गवई पैदा करणें हा त्यांचा एकच हेतु नव्हता, गाणें शिकविणारे पैदा करणें हा होता. समुदायाकडून रामधून म्हणवून घेण्याची त्यांची हातोटी तर देशभर पसरली. मुंबईची इमारत पुढें कर्जापायीं गेली. शिष्य मात्र टिकले, आणि १९३१ सालीं, गुरूंच्या मृत्यूच्या वर्षींच, त्यांनीं गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलें. या जंगलमुलखांतल्या तालुक्याच्या गांवीं देखील एखादी मुलगी त्या मंडळाच्या परीक्षेस बसते, ती त्या योजनेमुळें.

गोमांतकाची कथा निराळी. तेथें दरबार नव्हता, देऊळ व चर्च होतें. सोळाव्या शतकापासून चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना अक्षरओळख आणि स्वरलिपि जोडीनें शिकवीत. शिकविणारा तो ‘मेश्त्र’. (आपला ‘मिस्त्री’ हा शब्दही याच पोर्तुगीज शब्दावरून आला आहे, मास्तर आणि मिस्त्री हे मुळांत सख्खे चुलतभाऊ, एकच लॅटिन आजोबा!) मुलांचें गायनपथक बसविणें, सणाचा बँड चालविणें, मयताचाही चालविणें, आणि मधल्या वेळांत व्हायोलिन शिकविणें, एवढीं कामें एकट्या मेश्त्राकडे. वेतन तुटपुंजें, पण त्याच्या हाताखालून निघालेलीं पोरें पलटणींच्या बँडांत, संस्थानिकांच्या पदरीं आणि पुढें मुंबईच्या चित्रपटांच्या वाद्यवृंदांत जाऊन बसलीं. माजोर्ड्याच्या अशाच एका मेश्त्राचा मुलगा अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२). त्यांनीं १९५८ सालीं मुंबईंत भारतीय व पाश्चात्य संगीत एकत्र आणणारा मोठा वाद्यवृंद उभा केला. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनीं १९७७ सालच्या एका चित्रपटगीतांत गुरूचें नांव गुंफलें, आणि तें देशभरच्या पोरांच्या तोंडीं झालें. हा कोणा खऱ्या शिक्षकाचा नामोल्लेख आहे, याची मात्र त्या पोरांना कल्पनाही नव्हती.

आतां आमच्याकडे वळतों. १७५१ सालीं गोंड राज्य नागपूरकर भोसल्यांनीं घेतलें, आणि चांद्याला राजाश्रय असा उरला नाहीं. इंग्रजी अमलांत पलटणींचें ठाणें होतें तें कामठीस. बँड वाजे तो तिकडे. चांद्याच्या वाट्यास जंगल आलें. म्हणून या मुलखांत समूहगायन नव्हतें काय? उलट, तेंच होतें. भामरागड-एटापल्लीकडे माडिया मंडळींचा रेला पाहावा. हातांत हात गुंफलेली ओळ, एकानें उचललेली ओळ दुसऱ्या फळीनें उचलून धरणें, आणि पायांचा ठेका चुकला तर शेजारच्यानेंच खांद्यानें सांवरून घेणें. गोटुलांत हें शिकविणारा निराळा नेमावा लागत नाहीं. थोरला धाकट्याला शिकवितो. आम्हां शिक्षणपदविकावाल्यांनीं येथें मुकाट्यानें खालीं बसावें हें बरें.

दुसरें उदाहरण तुकडोजी महाराजांचें. जन्म १९०९, अमरावती जिल्ह्यांतील यावली. पण चिमूर आणि भोंवतालचें रान ही त्यांची कर्मभूमि. हातीं खंजिरी. १९३५ सालीं मोझरीस गुरुकुंज स्थापन झालें, आणि खेडोपाडीं भजनमंडळें उभीं राहिलीं. त्यांची सामुदायिक प्रार्थना ज्यानें पाहिली आहे त्याला कळेल कीं, ती नुसती भक्ति नव्हे, ती शिस्तीची शाळा आहे. ठराविक वेळ, सरळ रांगा, निःशब्द बसणें, आणि मग एकदम उठणारा एक स्वर. ‘ग्रामगीते’त सामुदायिक प्रार्थनेला त्यांनीं स्वतंत्र अध्याय दिला आहे. १६ ऑगस्ट १९४२ रोजीं, नागपंचमीच्या दिवशीं, चिमूर पेटलें. त्याच महिन्यांत महाराजांना चांद्यास अटक झाली, व पुढें नागपूर आणि रायपूर येथील तुरुंगांत ठेवण्यांत आलें. चिमुरांत जें घडलें त्याची कारणें अनेक आहेत, आणि त्यांत दोन्ही बाजूंचें रक्त सांडलें. परंतु सरकारला खंजिरीची भीति वाटली, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. एकट्या गवयाला कोणत्या सरकारनें भ्यावें? भ्यावयाचें तें एका सुरांत गाणाऱ्या जमावाला.

तिसरें उदाहरण ताजें आहे. वरोऱ्याच्या आनंदवनांत डॉ. विकास आमटे यांनीं ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंद उभारला. त्यांत अंध, अपंग, मूकबधिर व कुष्ठमुक्त कलावंत आहेत. ज्यांना ऐकूं येत नाहीं त्यांना तालावर नाचविणें आणि ज्यांना दिसत नाहीं त्यांना एका इशाऱ्यावर थांबविणें, ही संचालकाची कोणती परीक्षा आहे! हातवाऱ्यानें वृंद चालविण्याची युरोपची पद्धत येथें निम्म्या मंडळींस निरुपयोगी, कानांवर चालणारी आपली पद्धत उरलेल्यांस. शिकविणारांना तिसरी वाट शोधावी लागली. या कलावंतांचे कार्यक्रम तिकिटें काढून होतात. दया म्हणून नव्हेत.

शेवटीं पेटीमास्तर. आमच्या झाडीपट्टींत धान घरीं आलें कीं नाटकांचा हंगाम सुरू होतो. दिवसा शंकरपट, रात्रीं नाटक. मध्यंतरीं कांहीं वर्षें शर्यतींवर न्यायालयाची बंदी होती, तरी नाटकें थांबलीं नाहींत. वडसा म्हणजे देसाईगंज ही या मंडळ्यांची पेठ. २०२३ सालीं परशुराम खुणे या नटाला पद्मश्री मिळाली, तेव्हां साऱ्या मुलखानें पेढे वाटले, व तें योग्यच झालें. पण रंगमंचापुढें खालीं बसलेल्या वादकांकडे कोण पाहतो? नाट्यपदें नटाच्या गळ्यावर बसविणारा, नट चुकला तर दोन सूर पुढें जाऊन त्याला वाटेवर आणणारा, तो हा पेटीमास्तर. आतां पेटी जाऊन विजेचीं वाद्यें आलीं, तरी नांव तेंच राहिलें आहे.

माझ्या नोकरींत मीं अनेक शाळा पाहिल्या. ज्या शाळांत मीं शिकविलें, त्यांपैकीं एकींतही संगीतशिक्षकाची स्वतंत्र जागा नव्हती. एका शाळेंत मीं अर्ज करून पाहिला, तर ‘प्रार्थना तर होतेच ना?’ असें उत्तर मिळालें. तेव्हां स्नेहसंमेलनाच्या आधीं आम्ही गांवच्या एका पेटीमास्तरास बोलावूं लागलों. ते स्वतः चवथी पास. आठ दिवसांत साठ मुलांकडून त्यांनीं दोन गाणीं अशीं बसवून घेतलीं कीं, मागच्या बांकावरचीं मुकीं पोरेंसुद्धां तोंड उघडूं लागलीं. मानधन वर्गणींतून दिलें, नारळासह. रजिस्टरांत त्यांचें नांव कोणत्या रकान्यांत घालावें, हें मुख्याध्यापकांस सुचेना. शेवटीं तें ‘किरकोळ खर्च’ या सदराखालीं गेलें. होळीनंतर हंगाम संपला कीं ते मजुरीला जात, आणि रोवणीच्या दिवसांत बांधावरून बायकांचीं गाणीं ऐकूं आलीं, तर हातांतला विळा थांबवून पट्टी सांगत.