अंतरपाट सरतो, फ्लॅश भरतो
अंतरपाट दूर झाला, हार पडले, अक्षता उडाल्या आणि फ्लॅश अजून बारीक शिट्टी वाजवत भरतोच आहे! हिंगोली जिल्ह्यातल्या पुसेगावसारख्या गावातल्या लग्नात रीळच्या काळातल्या फोटोग्राफरचा जीव फ्लॅश भरल्याची खूण देणाऱ्या इवल्याशा दिव्यात अडकलेला असे.

त्याआधीचा फ्लॅशबल्ब तर एकदाच पेटायचा. १९३१ साली अमेरिकेत हॅरल्ड एजर्टन यांनी पुन्हापुन्हा चमकणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅश घडवला.

खरा वेग आला १९७०च्या दशकात, थायरिस्टर या इलेक्ट्रॉनिक स्विचमुळे. पुरेसा उजेड पडताच प्रवाह तुटे आणि उरलेली वीज ती साठवणाऱ्या कपॅसिटरमध्येच राही. जवळच्या फोटोनंतर फ्लॅश चटकन तयार.

पुढे निकेल-मेटल हायड्राइड सेल आले. व्होल्ट १.२च, पण अंतर्गत रोध कमी, म्हणून १.५ व्होल्टच्या अल्कलाइन सेलपेक्षा लवकर फ्लॅश भरू लागला. तरी मंगलाष्टकं सुरू होण्याआधी फ्लॅशमधले चारही सेल बदलायची सवय टिकली.