कुत्र्याची शुचिता आणि माणसाचें घर

'कुत्र्याचें शेपूट नळींत घातलें तरी वांकडें तें वांकडेंच' ही म्हण मराठी घरांतून नेहमीं ऐकूं येते. म्हणीचा रोख खरा माणसाच्या स्वभावावर आहे. परंतु तिनें जातां जातां कुत्र्यावरहि एक आळ घेतला आहे. या प्राण्याला कांहीं शिकवितां येत नाहीं, असा तो आळ. शहरांतील बिऱ्हाडांत मोठ्या हौसेनें लहान जातीचें पिल्लूं आणावें आणि त्यानें दुसऱ्याच दिवशीं बैठकीच्या सतरंजीवर ओल करावी, म्हणजे ही म्हण हटकून आठवते. चार दिवस असेंच गेले कीं पिल्लाच्या पाठींत चपराक बसते, त्याचें नाक त्या ओलींत घासलें जातें, आणि कांहीं घरांत तर तें पिल्लूं आणलें तेथें परत पाठविण्याच्या गोष्टी सुरू होतात. हा आळ खरा आहे काय? शास्त्राचा आणि इतिहासाचा कौल त्याच्या विरुद्ध आहे. कुत्रा हा मुळांतच आपली निजावयाची जागा स्वच्छ ठेवणारा प्राणी आहे. घोटाळा झाला तो त्याच्या स्वभावामुळें नव्हे, तर माणसाच्या घराची घडण बदलल्यामुळें.

जुन्या घरांत हा प्रश्न उद्भवतच नव्हता. छत्रपति संभाजीनगर जिल्ह्याच्या कन्नड तालुक्यांतील पिशोर हें गांव घ्या. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. संस्थान गेलें, पुढें १९६० सालीं महाराष्ट्र राज्य झालें. पण या भागांतील शेतकऱ्याच्या घराची जुनी मांडणी त्याहूनहि पुष्कळ पुरातन. शेणानें सारवलेली ओसरी, पुढें अंगण, बाजूस गोठा, पलीकडे उकिरडा आणि त्यापुढें मोकळें रान. कुत्रा ओसरीच्या कडेला किंवा अंगणांत पडून राही. गरज लागली कीं उठून उकिरड्याकडे वा बांधाकडे जाई. त्याला कोणी शिकविलें नाहीं आणि शिकविण्याचें कारणहि पडलें नाहीं. गंमत अशी कीं, घरांतील माणसेंहि हाच नियम पाळीत. मलमूत्र आणि उष्टें-खरकटें राहत्या जागेपासून दूर असावें, असा दंडक मनुस्मृतींत सांगितला आहे, आणि वाड्यांतून शौचकूप बांधला तरी तो परसाच्या अगदीं टोंकाला असे. म्हणजे स्मृतिकार आणि श्वान यांचें या एका बाबतींत पूर्ण एकमत होतें.

याचा अर्थ कुत्र्याला मान नव्हता असा मात्र नाहीं. दत्तात्रेयाच्या पायाशीं चार कुत्रे चितारले जातात आणि त्यांना चार वेदांचीं रूपें मानितात. खंडोबाच्या परिवारांतहि कुत्रा आहे. सातारच्या छत्रपति शाहू महाराजांनीं आपल्या आवडत्या कुत्र्याला भरजरी वस्त्रें व दागिने घालून दरबारांत मिरविलें, त्याला जहागीर व पालखीचा मान दिला, असें ग्रँट डफनें आपल्या मराठ्यांच्या इतिहासांत नमूद केलें आहे. शिकारींत या कुत्र्यानें महाराजांचे प्राण वांचविले होते. संगम माहुलीस त्याची समाधि आहे आणि लोक त्याला 'खंड्या' म्हणून ओळखतात. परंतु देवाजवळचा कुत्रा काय किंवा पालखींतला कुत्रा काय, त्याच्या सभोंवार मोकळी जमीन होती. मान मिळाला तरी त्याच्या पायाखालची माती सुटली नव्हती.

ती सुटूं लागली मुंबईसारख्या शहरांत. शहराला कुत्रा नकोसा झाला याची पहिली मोठी खूण १८३२ सालची आहे. उन्हाळ्याच्या दिवसांत मोकाट कुत्रे मारण्याचा हुकूम मुंबई सरकारनें पूर्वींच काढला होता. त्या वर्षीं त्याची मुदत वाढविण्यांत आली, आणि प्रत्येक कुत्र्यामागें आठ आणे इनाम मिळत असल्यामुळें इनामाच्या लोभानें पाळलेले कुत्रेहि घरांतून ओढून नेऊन मारले जाऊं लागले. पारशी धर्मांत कुत्रा पवित्र मानला जातो. त्यामुळें जून महिन्याच्या ६ व ७ तारखांस पारशी समाजानें, आणि त्याच्या जोडीला इतर रहिवाशांनींहि, दुकानें बंद ठेवून मोठा दंगा केला. कुत्र्याला शहरांत जागा आहे कीं नाहीं, हा वाद तेव्हांपासून सुरू झाला तो आजतागायत मिटलेला नाहीं.

पुढें माणसालाच जागा अपुरी पडूं लागली. १८९६ सालीं मुंबईंत प्लेगची सांथ आली. दाट वस्तीची आणि घाणीची चौकशी सुरू झाली, आणि १८९८ सालीं शहर-सुधारणेसाठीं इंप्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. या ट्रस्टच्या योजनांतून दादर-माटुंग्याकडे नवी वस्ती उभी राहिली. चाळींत शौचकूप सामाईक आणि खोल्यांपासून वेगळे असत. १९२० नंतरच्या दोन-तीन दशकांत जीं नवीं घरें झालीं, ज्यांना मराठी मंडळी 'ब्लॉक' म्हणूं लागली, त्यांत शौचकूप थेट घरांत आला. स्वयंपाकघर, देवघर आणि संडास एकाच छपराखालीं, एकाच दाराच्या आंत! जुन्या वळणाच्या लोकांना ही गोष्ट जड गेली. तथापि पाण्याची टांकी, साखळी आणि बंद नळ यांच्या साह्यानें माणसानें नवी संवय लावून घेतली. घरांत राहूनहि घरापासून दूर असल्यासारखी एक जागा त्यानें निर्माण केली. तिला दार असतें, तेथें पाणी असतें, आणि वंशपरंपरेचा नियम तेथें एका कोपऱ्यापुरता सैल केलेला असतो.

याच तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरच्या घरांत लहान कुत्रा येऊन दाखल झाला. मांडीवर बसणाऱ्या कुत्र्यांची हौस फार जुनी आहे. चीनच्या राजवाड्यांतून पेकिनीज जातीचे कुत्रे पिढ्यान् पिढ्या जोपासले गेले. १८६० सालीं इंग्रज-फ्रेंच सैन्यानें पेकिंगजवळील उन्हाळी राजवाडा लुटला, तेव्हां तेथून नेलेली एक कुत्री व्हिक्टोरिया राणीला नजर करण्यांत आली. तिचें नांवच 'लूटी' ठेवलें होतें. राजवाड्यांतील कुत्र्याच्या मागें घाण काढावयास नोकर असत. मध्यम स्थितीच्या कुटुंबांत तें काम घरच्या माणसांकडे येतें. पॉमेरेनियन, पग, स्पिट्झ या जाती मराठी घरांत रुळल्या त्या आकारानें सोईच्या म्हणून. परंतु लहान कुत्र्याचें मूत्राशयहि लहान असतें. त्याला वारंवार जावें लागतें, जिने उतरून खालीं न्यावें तोंपर्यंत त्याला धीर धरवत नाहीं, आणि मुंबईच्या आषाढ-श्रावणांत तर रस्त्यावर पाऊल टाकणें कठीण.

आतां शास्त्राची साक्ष घ्यावयाची. जन्मल्यावर पहिले कांहीं दिवस पिल्लूं आपण होऊन मलमूत्र विसर्जन करूं शकत नाहीं. आई त्याला चाटते, तेव्हां तें होतें, आणि ती जागा आईच साफ करते. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पिल्लें लटपटत निजण्याच्या जागेबाहेर येऊन आपला विधि उरकूं लागतात. अमेरिकेंत मेन प्रांतांतील बार हार्बर येथील प्रयोगशाळेंत स्कॉट व फुलर या दोघां संशोधकांनीं कुत्र्यांच्या वागणुकीचा वर्षानुवर्षें अभ्यास केला आणि १९६५ सालीं तो ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. पिल्लूं सुमारें साडेआठ आठवड्यांचें झालें कीं तें त्या कामासाठीं एक ठरावीक जागा निवडूं लागतें, असें त्यांना दिसून आलें. मग गवताची संवय लागली तर त्याला गवतच हवें असतें, फरशीची लागली तर फरशी. याचा अर्थ उघड आहे: शुचितेची प्रेरणा पिल्लाजवळ उपजतच असते; शिकवावयाचें असतें तें एवढेंच, कीं या घराची हद्द कोठपर्यंत आणि त्यांतला 'उकिरडा' कोणता. तीन खोल्यांचें घर पिल्लाच्या दृष्टीनें एक मोठें रान असतें. त्याचें निजण्याचें अंथरूण तेवढें घर. दूरचा कोपरा म्हणजे त्याच्या हिशेबीं बांधापलीकडची जागा. सतरंजीवर ओल करणारें पिल्लूं नियम मोडीत नसतें, आपल्या समजुतीप्रमाणें तें नियम पाळीतच असतें.

येथें आणखी एक अडचण आहे. १९७८ च्या सुमारास पार्व्हो नांवाचा कुत्र्यांचा नवा सांथीचा रोग जगभर पसरला. लहान पिल्लांना तो फार घातक ठरतो. त्यावरील लसीचे हप्ते पिल्लूं सुमारें सोळा आठवड्यांचें होईपर्यंत चालतात, आणि तोंवर इतर कुत्र्यांच्या वावराच्या रस्त्यावर पिल्लाला सोडूं नये असें पशुवैद्य सांगतात. जागेची संवय लागण्याचा काळ आठव्या-नवव्या आठवड्यापासूनचा, आणि बाहेर नेण्याची मोकळीक त्याहून दोन महिन्यांनीं उशिरा! या मधल्या काळांत घरांतच एक जागा नेमून देणें हा आळशी मालकाचा उपाय नसून पिल्लाच्या जिवाची काळजी आहे.

ही जागा नेमावयाची कशी? मोरीचा कोपरा, न्हाणीघर किंवा सज्जा, यांपैकीं एक ठिकाण निवडावें आणि तें बदलूं नये. जेवणाच्या व निजण्याच्या जागेपासून तें दूर असावें. तेथें पसरट तबक ठेवून त्यांत वर्तमानपत्राचे कागद, शोषक चटई किंवा हिरवळीचा तुकडा घालावा. पूर्वीं युरोप-अमेरिकेंत वर्तमानपत्राचाच उपयोग सर्रास होई. १९६० नंतर अमेरिकेच्या कृषि खात्यांतील संशोधकांनीं आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी शोषणारे पदार्थ तयार केले; त्या संशोधनाच्या वाटेनेंच पुढें तान्ह्या मुलांचीं शोषक लंगोटें आणि कुत्र्यांच्या चटया आल्या. पिल्लूं झोंपेंतून उठल्यावर, खाणें झाल्यावर आणि खेळ संपल्यावर त्याला उचलून तेथें न्यावें. दिवसा सुरुवातीस दर दोन तासांनीं नेलें तरी चालेल. जितक्या महिन्यांचें पिल्लूं तितके तास आणि वर एक, एवढाच धीर तें धरूं शकतें असा ढोबळ हिशेब आहे, आणि लहान जातींत तोहि कमीच धरावा. तें जमिनीचा वास घेत गोल फिरूं लागलें कीं वेळ आली असें समजावें. काम तेथें झालें कीं त्याच क्षणीं शाबासकी आणि खाऊचा कण द्यावा. देखरेख नसेल तेव्हां सारें घर मोकळें न ठेवतां एखाद्या आडोशांतच त्याला ठेवावें आणि संवय पक्की होईल तसतशी एकेक खोली मोकळी करावी.

'त्याच क्षणीं' या शब्दांत सगळें मर्म आहे. रशियांतील पावलॉव्ह या शास्त्रज्ञाला पचनेंद्रियांवरील संशोधनासाठीं १९०४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. ठरावीक आवाजानंतर लगेच अन्न दिलें, तर पुढें नुसत्या आवाजानेंहि कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतें, असें त्यानें दाखविलें. दोन गोष्टी लागोपाठ घडल्या तरच कुत्र्याच्या मनांत त्यांची गांठ पडते. तासाभरापूर्वींच्या ओलीबद्दल आतां मारलेली चपराक त्याच्या लेखीं ओलीची शिक्षा नसते. घरीं आलेला मालक मारतो, एवढेंच तें शिकतें. मग तें माणसासमोर विधि करावयास भितें आणि पलंगाखालीं, कपाटामागें जागा शोधूं लागतें. चूक घडलेली जागा मुकाट्यानें स्वच्छ करावी, आणि तीहि अमोनियाचा वास नसलेल्या द्रवानें. कारण मूत्रांतहि तोच उग्र अंश असतो, आणि पिल्लूं वासाच्या खुणेनें पुन्हां तेथेंच येतें.

महाभारताच्या आदिपर्वांत सरमेची कथा आहे. जनमेजयाचें सत्र कुरुक्षेत्रीं चाललें असतां सरमा या देवशुनीचें पिल्लूं तेथें आलें. श्रुतसेन, उग्रसेन व भीमसेन या राजबंधूंनीं त्याला मारून हांकलून दिलें. तें रडत आईकडे गेलें. हवि चाटला नाहीं, त्याकडे पाहिलेंसुद्धां नाहीं, असें त्यानें सांगितलें. सरमेनें सत्रांत जाऊन अपराध विचारला. कोणालाहि उत्तर देतां आलें नाहीं. तेव्हां अकल्पित भय तुमच्यावर येईल, असा शाप तिनें दिला. एवढ्या प्रचंड ग्रंथाच्या आरंभींच निरपराध पिल्लाच्या माराची ही हकीकत यावी, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. अपराध कोणता हें सांगतां येत नसेल, तर शिक्षेचा अधिकार उरत नाहीं.

पिल्लूं मोठें झाल्यावर बाहेरचें फिरणें सुटतें असें नव्हे. चालणें, वास घेणें, इतर कुत्र्यांची ओळख ही त्याची गरजच आहे. तेथेंहि माणसाचें कर्तव्य आहे. न्यूयॉर्क शहरांत कुत्र्याची विष्ठा मालकानें उचललीच पाहिजे असा कायदा १९७८ सालीं अंमलांत आला. मुंबई महापालिकेच्या २००६ सालच्या स्वच्छता-उपविधींतहि पाळीव प्राण्यांनीं केलेल्या घाणीची जबाबदारी मालकावर टाकलेली आहे. पिशोरसारख्या गांवांतहि आतां विटा-सिमेंटाचीं, फरशीचीं घरें बांधलीं जातात. अंगण आखडतें आणि उकिरडा दूर जातो. घर बदललें तें माणसानें, आपल्या सोईसाठीं. त्या बदलाशीं जुळवून घेण्यास माणसाला सुशिक्षित असूनहि एक पिढी लागली. दोन महिन्यांच्या पिल्लाला त्यासाठीं दोन-चार महिन्यांची मुदत आणि रोजची शांत शिकवण देणें, एवढें तरी त्याचें देणें माणसाकडे लागतेंच.