‘गुलमोहर’ : एका परक्या वृक्षाचे मराठीकरण

वैशाखात अंधेरी-बोरिवली आणि घाटकोपर-मुलुंड या दोन्ही पट्ट्यांत चटकन नजरेत भरणारा वृक्ष म्हणजे गुलमोहर. जुहू-पार्ले वसाहतीत त्याच्या नावाचे रस्तेही आहेत. तथापि हा वृक्ष साष्टीचा मूळ रहिवासी नव्हे. त्याचे मूलस्थान मादागास्कर. वेन्सेल बोयर या वनस्पतिशास्त्रज्ञास तो तेथे आढळला व १८२९ मध्ये हूकर यांनी ‘पॉइन्सियाना रेजिया’ या नावाने त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे राफिनेस्क यांनी ‘डेलोनिक्स’ हा स्वतंत्र वंश कल्पिला. आज तेच वंशनाम रूढ आहे.

देशी नावाचा इतिहास याहून गुंतागुंतीचा आहे. यूल व बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात (१८८६) ‘गोल्ड मोहर’ हे नाव या वृक्षास नव्हे, तर शंखासुरास दिलेले आढळते. ते ‘गुलमोर’ म्हणजे ‘मोरफूल’ या शब्दाचे भ्रष्ट रूप होय, असे कोशकार म्हणतात. मात्र मूळ शब्द कोशांत नाही, हेही ते नमूद करतात. लिनीअसने शंखासुरास ‘पॉइन्सियाना’ वंशातच घातले होते. फुलांचे हे साम्य पाहता झुडपाचे नाव वृक्षाकडे सरकले असावे, असे अनुमान संभवते.

फारसीत ‘गुल’ म्हणजे फूल आणि ‘मुहर’ म्हणजे शिक्का अथवा सुवर्णनाणे. मराठी भाषकास मात्र ‘मोहर’ म्हणताच आंब्याचा मोहर आठवतो. या पुनर्विश्लेषणाचा पुरावा नंतरच्या शब्दांत मिळतो. पिवळ्या फुलांच्या पेल्टोफोरमला ‘सोनमोहर’ आणि दक्षिण अमेरिकेतून आलेल्या जॅकरँडाला ‘नीलमोहर’ म्हणतात. ‘सोनमोहर’ येथे नाण्याचा अर्थ लावता येईल. परंतु निळे नाणे संभवत नाही. ‘नीलमोहर’ हा शब्द म्हणूनच निर्णायक ठरतो : येथे ‘मोहर’ म्हणजे बहरच.

१९५० व १९५७ मध्ये ही उपनगरे टप्प्याटप्प्याने बृहन्मुंबईत समाविष्ट झाली. वाढत्या वस्तीला लवकर वाढणारा, पसरट सावलीचा वृक्ष सोयीचा होता. बियांचे कवच कठीण असल्याने ते खरवडून किंवा बी गरम पाण्यात भिजवून पेरले की रोप सहज उगवते. परंतु मुळे उथळ आणि लाकूड ठिसूळ. बुंध्यापर्यंत फरसबंदी झाली की पावसाळी वाऱ्यात हा वृक्ष कोसळण्याचा धोका वाढतो.

अशा पडझडीनंतर ‘परका वृक्ष’ म्हणून त्याच्याकडे बोट दाखविले जाते. येथे दोन प्रश्नांची गल्लत होते. पदपथाच्या अरुंद आळ्यात तो लावावा की नाही, हा मुळांचा आणि मातीचा प्रश्न आहे. तो आपला की परका, याचा निवाडा मात्र भाषेने केव्हाच केलेला आहे.