माप एकाचे, सदरा दुसऱ्याला

९ ऑगस्ट २०१८ चा दिवस. इंडोनेशियाची राजधानी जकार्ता येथील एका उपाहारगृहात महफूद एम. डी. नावाचे गृहस्थ बोलावण्याची वाट पाहत बसले होते. घटना न्यायालयाचे माजी सरन्यायाधीश, अब्दुर्रहमान वाहिद यांच्या मंत्रिमंडळातील माजी संरक्षणमंत्री, मदुरा बेटावर वाढलेले आणि मदरशाच्या वातावरणातून आलेले असे हे कायदेपंडित. राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो, म्हणजे लोकांचे 'जोकोवी', दुसऱ्यांदा निवडणूक लढवणार होते आणि त्यांच्या जोडीला उपाध्यक्षपदाचे उमेदवार म्हणून महफूद यांचे नाव जवळजवळ ठरले होते. जाहीर कार्यक्रमात घालायच्या पांढऱ्या सदऱ्याचे मापसुद्धा त्यांच्याकडून मागवण्यात आले होते. जवळच दुसऱ्या ठिकाणी आघाडीतील पक्षप्रमुखांची बैठक चालू होती. संध्याकाळी जोकोवी बाहेर आले आणि त्यांनी नाव उच्चारले ते मारूफ अमीन यांचे.

देशभर लोक चकित झाले. 'मला धक्का बसला, पण मी नाराज नाही', अशा अर्थाचे महफूद बोलले आणि घरी गेले.

ही हकीकत दूरच्या देशाची खरी. पण ती वाचल्यापासून माझ्या मनातून गेलेली नाही. जगात सर्वांत जास्त मुसलमान ज्या देशात राहतात, ज्याची सत्याऐंशी टक्के वस्ती मुसलमान आहे, तिथल्या मुसलमान राष्ट्राध्यक्षाला आपण मुसलमान आहोत हे पटवून देण्यासाठी एका वयोवृद्ध मौलानांना सोबत घ्यावे लागले. असे का व्हावे, याचा शोध घेण्याचा हा प्रयत्न आहे.

मारूफ अमीन त्यावेळी ७५ वर्षांचे होते. पश्चिम जावातील बांतेन प्रांताचे ते रहिवासी. मक्केत राहून अध्यापन करणारे आणि १८९७ साली तिथेच निधन पावलेले थोर शाफई आलिम शेख नववी अल-बांतनी यांच्या वंशातले. आपल्या कोकणातील मुसलमानही शाफई मसलकाचे. अरबी समुद्राच्या वाटेने जो मसलक कोकण किनाऱ्यावर रुजला, तोच जावा-सुमात्रातही रुजला. त्यामुळे हे घराणे आपल्याला अगदीच परके वाटू नये. १९२६ साली स्थापन झालेल्या 'नहदलातुल उलेमा' या प्रचंड संघटनेचे मारूफ अमीन सर्वोच्च धार्मिक नेते होते आणि उलेमा परिषदेचेही अध्यक्ष होते. इतक्या मोठ्या माणसाची निवड झाली तर त्यात नवल कसले, असे कोणी विचारील. नवल होते, कारण याआधी जोकोवींच्या जुन्या सहकाऱ्याला तुरुंगात नेणाऱ्या घटनांत याच मारूफ अमीन यांच्या शब्दाचा मोठा वाटा होता.

तो सहकारी म्हणजे बासुकी चाहाया पुर्नामा, लोकांचा 'अहोक'. चिनी वंशाचा, धर्माने ख्रिश्चन. २०१२ साली जोकोवी जकार्ताचे गव्हर्नर झाले तेव्हा अहोक उपगव्हर्नर होता. २०१४ मध्ये जोकोवी राष्ट्राध्यक्ष झाले आणि अहोक गव्हर्नर झाला. सप्टेंबर २०१६ मध्ये एका भाषणात तो म्हणाला की, सूरह माइदाच्या ५१ व्या आयतीचा हवाला देऊन काही लोक तुम्हाला फसवतात. त्या भाषणाची कापलेली चित्रफीत फिरली. मारूफ अमीन यांच्या अध्यक्षतेखालील उलेमा परिषदेने हा कुराणाचा आणि उलेमांचा अपमान असल्याचे मत जाहीर केले. २ डिसेंबर २०१६ रोजी जकार्ताच्या राष्ट्रीय स्मारकाभोवती लाखो लोक जमले. मारूफ अमीन यांनी न्यायालयात साक्ष दिली. एप्रिल २०१७ मध्ये अहोक निवडणूक हरला आणि ९ मे रोजी त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली.

त्या डिसेंबरच्या जुम्याच्या नमाजला जोकोवी स्वतः जमावात येऊन उभे राहिले होते. त्यांना धोका कळला होता. २०१४ च्या निवडणुकीतच त्यांच्याविरुद्ध कुजबुज पसरवली गेली होती की हा माणूस छुपा ख्रिश्चन आहे, चिनी वंशाचा आहे, कम्युनिस्टांचा आहे. मतदानाला अवघे काही दिवस उरले असताना ते उमरा करून आले होते. तरी कुजबुज थांबली नाही. अहोकनंतर आपली पाळी आहे, असे त्यांना वाटले असेल तर ते चूक म्हणता येणार नाही. म्हणून मग ज्यांच्या शब्दावर रस्ते भरले होते, त्यांनाच शेजारची खुर्ची देण्यात आली. नहदलातुलच्या नेत्यांचा आणि आघाडीतील पक्षांचा दबाव होताच. महफूद उपाध्यक्ष झाले तर २०२४ साली तेच राष्ट्राध्यक्षपदाचे दावेदार होतील, ही भीतीही काही पक्षप्रमुखांना होती. वृद्ध मौलानांबाबत ती भीती नव्हती.

गंमत अशी की, डिसेंबरच्या मोर्चातील उलेमांनी विरोधी उमेदवार प्राबोवो सुबियांतो यांना आपल्या पसंतीची दोन धार्मिक नावे सुचवली होती. प्राबोवोंनी ती बाजूला ठेवून सँडियागा उनो या तरुण उद्योगपतीला घेतले. म्हणजे उलेमांचा कैवारी म्हणवणाऱ्याने व्यापारी निवडला आणि ज्याला बेदीन म्हटले जात होते त्याने आलिम निवडला!

हा खेळ इंडोनेशियात नवा नव्हता. १९९९ साली हमझा हाज यांच्या इस्लामी पक्षाने 'स्त्री राष्ट्राध्यक्ष नको' म्हणून मेगावतींना विरोध केला आणि २००१ साली तेच हमझा हाज मेगावतींचे उपाध्यक्ष झाले. धर्माचा मुद्दा दोन वर्षांत कुठे गेला, हे त्यांना कोणी विचारले की नाही, देव जाणे. २००४ साली पहिली थेट निवडणूक झाली, तेव्हा मेगावतींनी नहदलातुलचे अध्यक्ष हाशिम मुझादी यांना जोडीला घेतले. जनरल विरांतो यांनी अब्दुर्रहमान वाहिद यांचे भाऊ सलाहुद्दीन वाहिद यांना घेतले. दोन्ही जोड्या हरल्या. मौलाना सोबत असले की मुसलमान मतदार गठ्ठ्याने येतो, हा समज तेव्हाच खोटा ठरला होता.

परंतु याच देशाच्या इतिहासात धर्मनिष्ठ उपाध्यक्षाचे एक वेगळे उदाहरणही आहे. १७ ऑगस्ट १९४५ रोजी सुकार्नो आणि मोहम्मद हत्ता यांनी स्वातंत्र्य घोषित केले. सुकार्नो जावाचे, वक्तृत्वाचे बादशहा. हत्ता सुमात्राच्या धार्मिक घराण्यातले, मितभाषी, नमाजाचे पक्के. घटनेच्या मसुद्यात असे शब्द होते की मुसलमानांवर शरियत पाळण्याचे बंधन राहील. हे शब्द राहिले तर पूर्वेकडील ख्रिश्चन प्रदेश नव्या राष्ट्रात येणार नाहीत, असा निरोप आला. १८ ऑगस्टच्या सकाळी हत्तांनी मुस्लिम नेत्यांना बोलावले, समजूत घातली आणि ते शब्द काढले गेले. हत्तांच्या ईमानाबद्दल कोणाला शंका नव्हती, म्हणूनच त्यांचे ऐकले गेले. आपल्या धर्मनिष्ठेची सारी पुण्याई त्यांनी इतरांना दार उघडून देण्यासाठी खर्च केली. पुढे सुकार्नोंची एकाधिकाराकडे वाटचाल सुरू झाली, तेव्हा १९५६ साली त्यांनी पदही सोडले.

२०१८ मध्ये हीच पुण्याई ढाल म्हणून वापरली गेली. फरक आहे तो एवढाच, आणि तो फार मोठा आहे.

ढाल तरी उपयोगी पडली का? १७ एप्रिल २०१९ रोजी मतदान झाले. जोकोवी-मारूफ यांना ५५.५ टक्के मते मिळाली आणि ते विजयी झाले. पण आकडे जरा जवळून पाहावेत. मारूफ अमीन यांच्या स्वतःच्या बांतेन प्रांतात जोकोवींना २०१४ साली सुमारे ४३ टक्के मते होती, ती घटून सुमारे ३८ वर आली. आचेमध्ये ती ४५ वरून १४ वर कोसळली. पश्चिम सुमात्रातही १४ टक्केच मिळाली. ज्यांचे समाधान करण्यासाठी मौलाना आणले, ते बधले नाहीत. वाढ झाली ती नहदलातुलच्या पूर्व जावात, ५३ वरून ६६ टक्क्यांवर, आणि मध्य जावात. तिथे संघटनेची माणसे गावोगाव फिरली, त्याचे श्रेय मारूफ अमीन यांनाही द्यावे लागेल. पण त्याहून बोलका आकडा हिंदू बहुसंख्य बालीचा आहे. तिथे जोकोवींची मते ७१ वरून जवळजवळ ९२ टक्क्यांवर गेली. अहोकचे झाले ते पाहून धास्तावलेले अल्पसंख्याक मारूफ अमीन यांच्याकडे डोळेझाक करून त्यांच्याच जोडीला मत देऊन आले. अहोकचे काही चाहते संतापून मतदान न करण्याची भाषा बोलत होते. पण बहुतेकांना दुसरा आसरा कुठे होता?

मला अस्वस्थ करते ते हेच. अहमदियांविरुद्धचा फतवा २००५ साली उलेमा परिषदेने काढला, तेव्हा तिच्या फतवा समितीचे प्रमुख मारूफ अमीन होते. २०११ साली बांतेनमधील चिकेउसिक गावात जमावाने तीन अहमदियांना ठार केले. फतवा काढणाऱ्याने हत्या सांगितली होती, असे मी म्हणत नाही. पण वर काढलेल्या शब्दाचे खाली काय होते, याचा हिशेब कोणीतरी द्यायला हवा. तो न मागता खुर्ची दिली गेली. आपल्याकडे शाहबानो निकालानंतर १९८६ साली जे झाले ते आठवून पाहावे. सरकारने उलेमांशी बोलणी केली आणि कायदा केला. त्या बैठकांत घटस्फोटित बाईला जागा नव्हती.

पाच वर्षे मारूफ अमीन उपाध्यक्ष राहिले. बहुतेक वेळ ते शांतच दिसले. आलिम म्हणून त्यांच्या शब्दाला जे वजन होते, ते पदाने वाढले असे काही जाणवले नाही. महफूद २०१९ साली मंत्री झाले, २०२४ साली उपाध्यक्षपदासाठी उभे राहिले आणि हरले. आणि जोकोवींनी ज्याला दोनदा हरवले त्या प्राबोवोंनी २०२४ साली जोडीला घेतले ते जोकोवींच्या मुलाला, गिब्रानला. वयाची अट त्याच्या आड येत होती. ती घटना न्यायालयाने सैल केली आणि तेव्हा सरन्यायाधीश होते जोकोवींचे मेहुणे. यावेळी उलेमांची ढाल कोणालाच लागली नाही. घराणेच पुरले.

आपल्याला इथे उठता-बसता देशभक्तीचा दाखला मागितला जातो. त्याची चीड आपल्याला येते, आणि यायलाच हवी. पण घरात आपणही दाखले मागतो. मराठीत लिहिणाऱ्याला, मुलीला शिकायला बाहेर पाठवणाऱ्याला, तलाकवर बोलणाऱ्याला, 'तू कितपत मुसलमान?' असे विचारतो. जोकोवींचा अनुभव सांगतो की, एकदा दाखला दिला की मागणारा थांबत नाही. उमरा झाला, जमावातला नमाज झाला, शेवटी मौलाना झाले, तरी आचे आणि बांतेनचे मत फिरले नाही. दाखला देणाऱ्याच्या हाती काही राहत नाही आणि मागणाऱ्याचा अधिकार मात्र पक्का होतो.

हत्तांना कोणी दाखला मागितला नाही. त्यांनी तो दाखवलाही नाही. त्या ऑगस्टच्या सकाळी त्यांनी फक्त विचारले होते की, या देशात दुसऱ्यांना राहता येईल ना? आपल्या समाजाच्या नेतृत्वाची निवड करताना हा प्रश्न विचारणारी माणसे आपण शोधावीत, एवढेच मला सुचवायचे आहे.