बदलापूर परिसरातील रानफुले

ठाणे जिल्ह्यातील बदलापूरभोवती, बारवी धरण, कोंडेश्वर व चंदेरीच्या पायथ्याशी पावसाळ्यात उमलणारी फुले. ओळखताना रंगावर विसंबू नये. पान, खोड व फळही पाहावे. कळलावीच्या पानाचे टोक तणाव्यासारखे वळते. सहा नागमोडी पाकळ्या पिवळ्याच्या लाल होतात. वनस्पती सर्वांगाने विषारी, विशेषतः कंद. गौरीच्या सणातला तेरडा रसाळ खोड, फुलामागची बारीक शुंडी आणि स्पर्शाने फुटणारे पक्व फळ यांवरून ओळखावा. रानहळदीचे शेंड्याचे गुलाबी तुरे म्हणजे पाकळ्या नव्हेत, ती सहपत्रे. खरी फुले खाली, पिवळी. नवखे येथेच हमखास चकतात. सखोल अभ्यासासाठी थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ (१९०१–०८) आजही उपयोगी आहे.